अभ्यासपाठ : प्राण्यांचे घर कसे तपासतात



मागच्या अंकातील जमाखर्चात 'मोजपट्ट्या, दोर, दुर्बिणी व नोंदवह्या' अशी एक ओळ छापली होती. त्यावर दोन मंडळ्यांकडून पत्रे आली. एका पत्रात मोकळेपणाने विचारले आहे की, आम्ही वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी आणि औषधांसाठी देणगी पाठवतो, त्यात दुर्बिणी कुठून आल्या? प्रश्न रास्त आहे आणि असे विचारणारे देणगीदार आम्हांला हवेच आहेत. पण उत्तर चार ओळींत मावत नाही, म्हणून या तिमाहीचा अभ्यासपाठ त्यावरच लिहीत आहे. तरुण संघाच्या सभेत तो दोन भागांत वाचता येईल. शेवटी एक सरावही दिला आहे.

आपले काम मेळघाटात, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत चालते, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. इथली वस्ती मुख्यत्वे कोरकू. देशात १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होते. म्हणजे आपण ज्या मुलांना शिकवतो त्यांचे आजोबाही वाघाच्या शेजारीच जगले आणि आज त्यांच्या गावाचे पुढे काय होणार, हेही पुष्कळसे वाघाच्या नावाने ठरते. कुपोषण, शाळा, दवाखाना हे प्रश्न आहेतच. पण ज्या जागेवर घर आहे ती जागा वन्यप्राण्यांसाठी मोकळी करायला हवी की नाही, हा प्रश्न त्या सगळ्यांच्या आधी येतो. त्याचे उत्तर एका अहवालावर अवलंबून असते. त्या अहवालात जो शब्द पानोपानी येतो तो 'अधिवास'. हा शब्द आणि त्यामागची मोजणी गावातल्या चार मुलामुलींना समजली, तर ग्रामसभेत त्या कागदावर प्रश्न विचारणारे कोणीतरी असेल. दुर्बिणींचे कारण एवढेच.

अधिवास म्हणजे नुसते जंगल नव्हे. एकाच डोंगरावर सांबराचा अधिवास असतो, घुबडाचा असतो आणि मुंगसाचाही असतो, पण तिघांची घरे वेगळी. अभ्यासक प्रत्येक प्राण्याबद्दल साधारण तेच चार प्रश्न विचारतात: त्याला खायला काय आहे, उन्हाळ्यात पाणी कुठे आहे, लपायला आडोसा किती आहे आणि पिल्ले वाढवायला निवांत जागा आहे का. पाचवा प्रश्न माणसाचा: त्रास कुठून होतो? वाघाचे उदाहरण घ्या. एका वाघाला वर्षाला ढोबळ मानाने पन्नासेक मोठी जनावरे लागतात, आणि कळप टिकून राहायचा तर त्याच्या टापूत सुमारे पाचशे तृणभक्षी असावे लागतात. म्हणून वाघाचे घर तपासायला गेलेला माणूस बराच वेळ खाली वाकून गवत आणि सांबराच्या लेंड्या पाहत असतो. आमच्या मुलांना पहिल्या दिवशी याचे फार हसू आले होते.

आता एक गोष्ट सांगतो, कारण अधिवास नीट न नोंदवल्याने काय होते ते तिच्याइतके कशातच स्पष्ट दिसत नाही.

रानपिंगळा हे मूठभर आकाराचे घुबड. एफ. आर. ब्लूइट यांनी १८७२ मध्ये ते आजच्या छत्तीसगडच्या भागातून मिळवले आणि पुढच्या वर्षी ह्यूम या अभ्यासकाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नंतर जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात, शहाद्याच्या बाजूला काही नमुने गोळा केले. त्यांतला शेवटचा १८८४ चा. त्यानंतर हा पक्षी कोणी पाहिलाच नाही. एक नोंद मात्र मध्येच होती. कर्नल माइनर्टझहागेन यांनी आपल्या संग्रहातला एक रानपिंगळा १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाल्याची चिठ्ठी लावून ठेवली होती. पुढे पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा ती चिठ्ठी खोटी ठरली. तो पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा नव्याने भरलेला आणि मुळात डेव्हिडसन यांचाच होता. म्हणजे त्या चिठ्ठीवर विसंबून जो कोणी मांडवीकडे शोधायला जाईल, तो चुकीच्या गावी जाणार होता. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी मग फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती.

हा पक्षी दिवसा शिकार करतो, सरडे आणि उंदीर खातो आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. त्याला दाट काळोखे रान नको असते. सागाचे विरळ, कोरडे रान आणि त्यात उभी असलेली जुनी, पोकळ झाडे त्याला मानवतात. हे कळल्यावर नेमके काय शोधायचे ते कळले. नंतरच्या पाहणीत तो मेळघाटातही सापडला आणि २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा अभयारण्यात. कुठे पाहिला, केव्हा पाहिला आणि आजूबाजूला काय होते, या तीन गोष्टी खऱ्या लिहिल्या तर वही कामाची. आम्ही हा धडा वर्गात प्रत्येक नव्या तुकडीला आधी सांगतो आणि मगच पेन्सिल हातात देतो.

मोजायचे कसे?

पद्धती पुष्कळ आहेत. गावच्या मुलांना जमतील आणि वनखात्याच्या माणसालाही ओळखू येतील अशा तीन आम्ही घेतल्या.

पहिली म्हणजे सरळ रेषेवरची चाल. रानात दोन किलोमीटरची एक सरळ वाट आखून घ्यायची आणि सकाळी उजाडताच दोघांनी बोलता न बोलता चालायची. जनावर दिसले की थांबायचे. कोणते, किती, आपल्यापासून किती दूर आणि रेषेपासून किती कोनात, एवढे लिहायचे. अंतर लिहिण्याचे कारण सोपे आहे. जवळचे जनावर सहसा नजरेतून सुटत नाही, लांबचे सुटते. किती सुटत असावे याचा अंदाज त्या अंतरांवरून काढता येतो. तीच वाट पुन्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी चालायची. काही दिसले नाही तरी 'काही दिसले नाही' असे लिहायचे. हे शेवटचे वाक्य मुलांच्या गळी उतरवायला सर्वांत वेळ लागतो, कारण रिकामा रकाना त्यांना नापास झाल्यासारखा वाटतो.

दुसरी पद्धत आखलेल्या वर्तुळांची. त्याच वाटेवर ठरावीक अंतरावर थांबून १५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ दोराने आखायचे आणि त्यातली झाडे मोजायची. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. ५ मीटरच्या आतल्या वर्तुळात झुडपे आणि १ मीटरच्या वर्तुळात गवत, पाचोळा व उघडी जमीन पाहायची. याशिवाय २० मीटर लांब आणि २ मीटर रुंद पट्ट्यात लेंड्या मोजायच्या. कोणाची लेंडी कोणती, हे आम्ही शिकवत नाही. ते गुराखी पोरे आम्हांला शिकवतात. नीलगाय एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येऊन ढीग करते, म्हणून लेंड्या जास्त म्हणजे नीलगायी जास्त असा हिशोब फसतो, हे नववीतल्या एका मुलीने सांगितले आणि ते बरोबर आहे.

तिसरी पाणवठ्यांची फेरी. ही आम्ही मे महिन्यात करतो आणि माझ्या मते मेळघाटात हिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या नकाशावर निळ्या रेघांनी काढलेल्या असतात. (सिपना म्हणजे कोरकूत साग.) नकाशा पाहणाऱ्याला वाटते की पाणी सगळीकडे आहे. मे महिन्यात त्या रेघांवर चालून पाहा. मैलोगणती दगड आणि वाळू. पाणी उरते ते थोड्या डोहांत आणि वाळूतल्या झिऱ्यांत. कोणता डोह अखेरपर्यंत टिकतो, कोणता झिरा अस्वल उकरते, कुठे गवे रात्री येतात, हे गावातल्या म्हाताऱ्या बायांना तोंडपाठ आहे, कारण त्यांनी त्याच डोहांतून घागरी भरल्या आहेत. एका आजींना आम्ही नकाशा दाखवला, तर त्या तो बाजूला सारून म्हणाल्या, "कागुद राहू दे बाबू, चाल, दाखवतो." त्या दिवशी त्यांनी दाखवलेल्या सात जागांपैकी नकाशावर एकही वेगळी दाखवलेली नव्हती. मुलांनी सातही जागा लिहून घेतल्या, पाण्याची खोली काठीने मोजली आणि काठावरचे ठसे काढले.

मोजणी चुकते तेव्हा

कोणी म्हणेल, सरकारकडे शास्त्रज्ञ आहेत, कॅमेरे आहेत, तिथे गावच्या वहीची काय मातब्बरी? शास्त्रज्ञांबद्दल मला आदरच आहे. पण मोठ्या मोजण्याही चुकल्या आहेत, हे विसरता येत नाही. पूर्वी आपल्या देशात वाघ पावलांच्या ठशांवरून मोजत. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो असे मानले जाई. त्या पद्धतीने २००१-०२ मध्ये देशात ३,६४२ वाघ असल्याचे सांगितले गेले. राजस्थानच्या सरिस्कात २००४ मध्ये कागदावर सोळा-अठरा वाघ होते. लवकरच उघड झाले की तिथे एकही उरलेला नाही, सगळे शिकाऱ्यांनी मारले. मग २००५ मध्ये सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले गेले, पद्धत बदलली आणि कॅमेऱ्यांत वाघाच्या अंगावरचे पट्टे टिपून नवा अंदाज आला: २००६ साठी १,४११. दोन पद्धतींचे आकडे सरळ वजा करून 'एवढे वाघ मेले' म्हणणे बरोबर नाही, पण जुना आकडा भरवशाचा नव्हता एवढे त्यातून नक्की झाले. आज नव्या पद्धतीचे आकडे पुष्कळ चांगले आहेत. २०२२ चा देशाचा सरासरी अंदाज ३,६८२ आहे आणि आपल्या महाराष्ट्राचा ४४४.

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांची हकिगत मला याहून मोलाची वाटते. तिथे सोलिगा आदिवासी राहतात. पानगळ झाली की उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच ते पाचोळ्याला हलकी आग लावत. अभयारण्य झाल्यावर ही आग बंद झाली. सोलिगा वृद्ध सांगू लागले की आग थांबल्यापासून घाणेरी माजली, आवळ्याच्या झाडांवर बांडगुळे चढली आणि गवत गेले. पुष्कळ वर्षे हे कोणी मनावर घेतले नाही. अभ्यासकांनी मात्र त्या डोंगरांत १३४ ठिकाणी भूखंड आखून १९९७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये पाहणी केली. पहिल्या वेळी ४१ टक्के भूखंडांत घाणेरी होती, दुसऱ्या वेळी ८१ टक्के. म्हातारी माणसे जे सांगत होती ते वहीत उतरले. २०११ मध्ये त्याच व्याघ्र प्रकल्पातल्या सोलिगांना सामूहिक वनहक्क मिळाले.

यावरून मेळघाटातही आग लावणे चांगले, असे कृपा करून कोणी समजू नये. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. त्या वेळी रान वाळून कोळ झालेले असते, वारा सुटतो आणि आग डोंगर चढते. मोजणी गावालाही सोडत नाही, आणि सोडू नये. आमच्या मुलांच्या वर्तुळांत जळालेली रोपे निघाली तेव्हा ग्रामसभेत दोन तास वाद झाला. शेवटी दोन पाड्यांच्या बायांनी पाला झाडून बाजूला करायचे ठरवले. बाकीचे अजून काडी ओढतातच. सरपणाचेही तसेच. वठलेले, पोकळ झाड तोडायला सगळ्यांत सोपे आणि रानपिंगळ्याला हवे असते तेच. कुठली वठलेली झाडे ठेवायची, त्यांना चुन्याची खूण करण्याचे काम मुलांनी स्वतःहून घेतले आहे. किती खुणा पावसात टिकतील ते पाहू.

कायदा काय म्हणतो

२००६ च्या वनहक्क कायद्यात 'क्रिटिकल वाइल्डलाइफ हॅबिटॅट' असा शब्दप्रयोग आहे. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांतली जी जागा वन्यजीवांसाठी माणसांपासून मोकळीच ठेवली पाहिजे, ती ही जागा. पण ती कोणाच्या मनात आले म्हणून ठरत नाही. प्रत्येक ठिकाणचा स्वतंत्र विचार करून, शास्त्रीय आणि वस्तुनिष्ठ निकषांवर ते सिद्ध झाले पाहिजे, असे कायदा सांगतो. कलम ४(२) तर आणखी पुढे जाते. आधी त्या भागातल्या लोकांचे हक्क मान्य करण्याचे काम पुरे झालेले हवे. त्यांच्या राहण्याने प्राण्यांची आणि त्यांच्या अधिवासाची कधीही भरून न येणारी हानी होते, हे दाखवले पाहिजे. सहजीवनासारखा दुसरा वाजवी मार्ग नाही, हे सरकारने ठरवले पाहिजे. पुनर्वसनाची तजवीज तयार हवी आणि ग्रामसभेची, सगळी माहिती मिळाल्यावर दिलेली, मोकळी संमती लेखी हवी. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रासाठी वन्यजीव संरक्षण कायद्यातही २००६ च्या दुरुस्तीने जवळजवळ याच अटी घातल्या आहेत. आणि वनहक्क कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देते.

'भरून न येणारी हानी' आणि 'सहजीवन' हे दोन शब्द वाचा आणि मग सांगा, आकड्यांशिवाय त्यांवर कोण काय बोलणार? ज्या बाजूकडे वही नाही ती बाजू फक्त हात वर करते किंवा हंबरडा फोडते.

गाव उठून गेल्याने रानाला लाभ होत नाही असे मी म्हणणार नाही. या शतकाच्या सुरुवातीला मेळघाटातील बोरी, कोहा आणि कुंड ही गावे बाहेर वसवली गेली. त्या मोकळ्या शेतांवर आता कुरणे आहेत आणि सांबर, गवे तिथे चरतात. मी पाहिले आहेत. शाळा-दवाखाना जवळ हवा म्हणून खुशीने बाहेर पडलेली कुटुंबेही आमच्या ओळखीची आहेत. कुटुंबाला मिळणारी रक्कम पूर्वी १० लाख होती, २०२१ मध्ये ती १५ लाख झाली. पण जानेवारी २०१९ मध्ये बाहेर वसवलेल्या गावांतले लोक पुन्हा जंगलात शिरले, वनकर्मचाऱ्यांशी मारामारी झाली आणि दोन्हीकडची माणसे जखमी झाली, हेही याच मेळघाटात घडले. रक्कम किती, यापेक्षा संमती खरोखर कळून दिली होती का, हा प्रश्न मला मोठा वाटतो. आमच्या कामाच्या एका गावात तो येत्या वर्षात उभा राहील असे दिसते. ते गाव जायचे ठरवील की राहायचे, हे आम्ही सांगणार नाही. तो आमचा अधिकार नाही. त्यांच्याकडे सलग तीन उन्हाळ्यांची पाणवठ्यांची नोंद असावी, एवढी आमची धडपड आहे. दोन झाले आहेत.

सराव

तरुण संघासाठी. आपल्या मंडळीच्या आवारात, कबरस्तानात किंवा गावाबाहेरच्या पडीक जागेत दोराने १५ मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखा. झाडे मोजा, घेर घ्या, वठलेले झाड असल्यास त्यात ढोली आहे का पाहा. आत १ मीटरचे वर्तुळ करून गवत किती, उघडी माती किती, प्लॅस्टिक किती ते हातानेच अंदाजून लिहा. वर पाहून आभाळ किती झाकले आहे तेही. मग त्या जागेजवळ लहानपणापासून राहणाऱ्या एका वयस्कर माणसाला विचारा की इथे पूर्वी कोणते पक्षी, कोणती जनावरे येत, पाणी कुठे असे. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा, सुधारून लिहू नका. तारीख, वेळ, जागा आणि नोंद करणाऱ्यांची नावे वर घाला. महिन्याने त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा जा. आपली वही आमच्याकडे पाठवलीत तर मुले ती आपल्या वहीशेजारी ठेवून वाचतील आणि प्रश्न असल्यास लिहून विचारतील. अक्षर सुवाच्य असावे, कारण कोरकू ही त्यांची घरची भाषा आणि मराठी ती शाळेत शिकलेली. 'दिसले नाही' हा रकाना कोरा सोडू नये.